सहाध्यायी कशासाठी?

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी देशातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत निघाले. पुढे २०२२च्या यूजीसी नियमांनी अर्धवेळ पीएचडीलाही स्पष्ट वाट करून दिली. नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत पत्र आणायचे आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण करायचे. पण चाळिशीतली शिक्षिका तिथल्याच उस्मानिया विद्यापीठात मार्गदर्शकांना भेटून, झेरॉक्स घेऊन संध्याकाळच्या बसने घरी परतते, तेव्हा मेसमधली हुज्जत, रात्रीचा चहा यांतले काहीच तिच्या वाट्याला येत नाही. ही केवळ सोबतीची उणीव आहे की ज्ञानाचीच? माझ्या मते ज्ञानाचीच. गौतमाच्या न्यायसूत्रांत, चौथ्या अध्यायात, तत्त्वज्ञान पक्के होण्यासाठी कोणाशी संवाद करावा हे सांगताना गुरू-शिष्यांबरोबर सहाध्यायीही येतो. अट एकच, मनात असूया नको. यामागचे कारण उघड आहे. समितीपुढे माणूस आपली बाजू लढवतो, गुरूपुढे बहुधा मान डोलावतो. ‘हे मला कळलेलंच नाही’ असे तो बरोबरीच्या माणसापाशीच मोकळेपणी म्हणू शकतो.

यावर कोणी म्हणेल, ही आंधळ्यामागे आंधळ्याची वरात झाली. पण सहाध्याय्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षाच नाही, त्याने विचारावे. ‘पालक निरक्षर, म्हणून मुलं शाळा सोडतात’ असे ती शिक्षिका लिहिते. संशोधन करणारी परिचारिका त्या ‘म्हणून’वर बोट ठेवते: आजारपण, स्थलांतर तपासलंत का? वीस वर्षांचा अनुभव ही अशा संशोधकांची खरी पुंजी. पण तोच अनुभव नकळत पुराव्याच्या जागी जाऊन बसतो, आणि हे वेगळ्या कामातून आलेल्यालाच चटकन दिसते. दुसरा आक्षेप एकांताचा. बौद्ध परंपरेतले खग्गविसाण सुत्त एकट्याने चालायला सांगते खरे, पण सुज्ञ सोबती मिळाला तर त्याच्याबरोबर जा, असेही तेच सांगते. संयुत्तनिकायात बुद्धांचा शिष्य आनंद कल्याणमित्रतेला अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे धर्मजीवन, म्हणतो, तर बुद्ध तिला संपूर्ण ब्रह्मचर्य ठरवतात. लिहायला एकांत हवाच. लिहिलेले खरे की नुसते सोयीचे, हे पारखायला दुसरा लागतो. सहाध्याय्यांच्या बैठका गाऱ्हाण्यांत वाहून जातात, हे मात्र मान्य करायला हवे. त्यावर उपाय म्हणजे दर वेळी कोणाच्या तरी प्रबंधातले एक प्रकरण समोर असावे आणि चर्चा त्यावरच व्हावी. समितीपुढची हजेरी सक्तीची करणाऱ्या विद्यापीठाने अर्धवेळ संशोधकांच्या या बैठकीलाही वेळापत्रकात जागा द्यावी. नाहीतर परीक्षा होत राहील आणि विचार तपासायचा राहून जाईल.