शस्त्राचा अधिकार कोणाला?

दंडशक्तीवाचून समाज चालत नाही, हे शास्त्रकारांनी निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. चोरापासून धनाचे आणि आततायीपासून प्राणांचे रक्षण करणारा कोणी नसेल, तर गृहस्थाश्रमच उभा राहणार नाही. आजच्या काळी हा रक्षक म्हणजे पोलीस. तेव्हा नाक्यावरील साध्या शिपायाच्या कमरेला नित्य पिस्तूल असावे की त्याच्या हाती लाठीच पुरे, हा प्रश्न केवळ राज्यकारभाराचा नसून धर्माचाही आहे.

भारतात बहुतेक ठिकाणी गस्तीचा शिपाई लाठीच बाळगतो. एवढ्याने भागत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबईतील रात्र साक्ष देते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती केवळ लाठ्या, तर काहींच्या हाती जुन्या रायफली होत्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी एका हल्लेखोराची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि प्राण अर्पण केले. त्यामुळे तो हल्लेखोर जिवंत सापडला. २००९ साली ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्यांचे धैर्य वंदनीयच आहे. परंतु रक्षकाला असे निःशस्त्र पाठवणे हा राज्याचा धर्म म्हणता येणार नाही. चौपाटीवरच्या त्या प्रसंगी दुसरा हल्लेखोर पडला तो पोलिसांच्याच गोळीने, हेही विसरता कामा नये.

मग सर्वांनाच सदैव शस्त्र द्यावे काय? येथे महाभारतातील सौप्तिक पर्वाचे स्मरण उपयुक्त आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन या दोघांनी एकमेकांवर सारखेच भयंकर अस्त्र सोडले. व्यास आणि नारद मध्ये उभे राहताच अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही, आणि त्याचा आघात उत्तरेच्या गर्भावर झाला. अस्त्र दोघांनाही ठाऊक होते. ते परत घेण्याचे सामर्थ्य मात्र एकाच्याच अंगी होते. शस्त्राच्या अधिकाराची खरी कसोटी ती हीच.

बाजारातील भांडण, मोर्चा, मद्यप्याचा दंगा ही शिपायाची रोजची कामे. अशा प्रसंगी क्रोध किंवा भय क्षणात उसळते. लाठीने झालेली चूक पुष्कळदा भरून निघते. सुटलेली गोळी परत येत नाही. लंडनमध्ये १८२९ साली स्थापन झालेल्या पोलीस दलात सामान्य शिपायाला बंदूक न देण्याची परंपरा आजही टिकून आहे. तेथे निवडक आणि विशेष शिक्षण घेतलेल्यांनाच ती मिळते. तरीही २००५ साली अशाच शिक्षित पोलिसांच्या गोळ्यांनी तेथे एक निरपराध ब्राझिलियन तरुण मारला गेला. शिक्षितांचीही जेथे चूक होते, तेथे अल्पशिक्षितांच्या हाती नित्य पिस्तूल देणे किती जोखमीचे, हे सांगावयास नको.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते आणि तिच्यात अहिंसा व अक्रोध यांनाही स्थान आहे. अर्जुनाला युद्धास उभे करणारी गीताच हे सांगते, याचा अर्थ असा की शस्त्र चालवणाऱ्याला हे गुण इतरांहून अधिक हवेत. शिवाय फळाची आसक्तीही नको. चकमकीतील मृत्यूंविषयी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तपास आवश्यक ठरवला, आणि घटनेनंतर लगेच शौर्यपदक वा बढती देऊ नये, असेही बजावले. गोळीला बक्षिसाचा मोह जडला की कर्तव्य आणि हत्या यांतील सीमा पुसली जाते, हे या दंडकामागील तत्त्व निष्काम कर्माच्या शिकवणीशी किती जुळते!

तात्पर्य, प्रत्येक शिपायाला नित्य शस्त्र नको; परंतु शिक्षित आणि संयमी सशस्त्र पथक प्रत्येक संकटस्थळी त्वरित पोहोचावे, ही राज्याची जबाबदारी आहे. गृहस्थाचेही यात कर्तव्य आहे. न्यायालयापूर्वीच कोणी मारला गेला असता घरोघरी आनंद व्यक्त होतो. तो आनंद पोलिसाच्या बोटाला चापाकडे ढकलतो. स्वतः नियम पाळणारा, शिपायाला मान देणारा आणि मुलांना क्रोध आवरण्यास शिकवणारा गृहस्थ त्याच्या हातातील लाठी पुरेशी ठरवण्यास साहाय्य करतो.