वादाचा अधिकार

धर्माच्या गोष्टीत वाद कोणी घालावा? न्यायसूत्रकार गौतमाने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. सत्य शोधायचा तो वाद, नुसते जिंकायचे तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे खोडायचे ती वितंडा. वाद करावा तो गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा निर्मत्सर माणसांशीच.

हे कुंपण मला मान्य आहे. वर्गातही हुज्जत घालणाऱ्यापुढे खरा विचारणारा गप्प बसतो, हे मी मास्तर म्हणून रोज पाहतो. परंतु आपण कुंपण घातले ते मन पाहून नव्हे, जन्म पाहून. वेदाध्ययनाचे दार शूद्रांना आणि स्त्रियांना बंद केले. जनकाच्या सभेत गार्गीने याज्ञवल्क्याला दोनदा प्रश्न केले, हे सोयीस्कर विसरलो!

वाचकहो, दारात एकच विचारावे : बाबा रे, चूक पटली तर आपले म्हणणे सोडशील ना? आणि हा प्रश्न आधी आत बसलेल्यांना विचारावा.