देव विकला जातो तो कुठं?

पेणचा आहे म्हटलं की बाहेरगावी कुणीतरी हसत विचारतोच, "म्हणजे तुम्ही देव विकणारे!" चेष्टाच ती. पण शेतावर एकटा असलो की हा प्रश्न डोक्यात घोळत राहतो.

आमच्याकडं हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने बारमाही चालतात. साचा भरायचा, मूर्ती सुकवायची, घासायची, रंगवायची, शेवटी डोळ्यांची आखणी. कित्येक घरांची चूल यावर पेटते. कर्ज आधी काढायचं, पैसा भाद्रपदात बघायचा. आमच्या शेतीसारखंच.

मग हे देव विकणं झालं का? मला नाही वाटत. कारखान्यात असते ती मूर्ती. तुम्ही ती घरी नेता, पाटावर बसवता, प्राणप्रतिष्ठा करता, तेव्हा तिचा देव होतो. दीड दिवसानं, पाच दिवसांनी पाण्यात सोडता, तेव्हा पुन्हा माती. विकली गेली ती माती, रंग आणि कुणाच्या तरी बोटांची मेहनत. देव बोलावल्यावर आला नि निरोप दिल्यावर गेला. त्याची पावती कुणी फाडली नाही.

पावती फाटते ती पुढं, देव बसल्यावर. शिर्डीसारख्या ठिकाणी पैसे भरून लवकर दर्शनाचा पास मिळतो. मोठ्या मंडळांत ओळखीवाल्यांची रांग वेगळी. आता कुणी म्हणेल, देवस्थानाला दिवाबत्ती आहे, अन्नछत्र आहे, पैसा लागणारच. कबूल. वर्गणी आम्हीही देतो, कुणी पायलीभर भात देतो, कुणी हजार रुपये. पण देणं वेगळं आणि दिलं म्हणून पुढं घुसणं वेगळं. मी भात बाजारात विकतो, त्यात लाज कसली? पण पंगतीत बसलेल्याला 'पैसे दे, आधी वाढतो' म्हटलं, तर ते जेवण राहत नाही, खानावळ होते.

पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी मे 1947 मध्ये उपोषणाला बसले. जातीनं अडवलेली वाट तेव्हा मोकळी झाली. ठिकठिकाणच्या देवळांत आज वाट कुणी अडवत नाही, फक्त खिसा बघून लांबवतात. तासन् तास उभं राहतं ते म्हातारं माणूसच.

आमच्या शेजारच्या रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस मानवंदना देतात, मग पालखी गावभर आळ्याआळ्यांतून फिरते. तिथं माणसानं देवापर्यंत पोचायचं नसतं, देवच चालत येतो. पत्र्याच्या घरापुढं आणि बंगल्यापुढं वाजतो तो ढोल एकच. पासाची गरजच पडत नाही.

मला खटकतं ते हे: मूर्तिकाराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस पाससाठी मुकाट पैसे मोजतो. घामाचे पैसे जड जातात आणि रांग मोडण्याचे हलके वाटतात. मला विचाराल तर देव विकला जातो तो तिथं. तेव्हा यंदा कारखान्यात पाट घेऊन जाल, तर सांगितलेली किंमत द्या. आणि देवळात गेलात, तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या मागं उभे राहा.