मापदंड कोणाचा?

तालमानशास्त्रात मूर्तीचे माप तिच्याच मुखाच्या लांबीने घेतात. चुंबकीय प्रतिमांत मेंदूच्या भागांच्या सीमा आखणारा संगणक मात्र माणसांनी आधी आखलेल्या नमुन्यांवर विसंबतो. जगभर रूढ झालेला नमुना कॅनडातील माँट्रियलचा. २०१९ साली हैदराबादच्या संशोधकांनी १०० भारतीयांच्या प्रतिमांवरून नकाशा रचला, तेव्हा आपला सरासरी मेंदू पाश्चात्त्यांहून आकाराने लहान आढळला.

आकारावरून बुद्धी ठरत नाही. पण स्मृतिभ्रंशाचे अनुमान आकारावरूनही करतात. मग आमलीतील एखाद्या वारली वृद्धेचा स्मृती सांभाळणारा भाग परक्या मापाने झिजलेला ठरला, तर तो शिक्का पुसणार कोण? रेषा यंत्राने खुशाल आखावी. परंतु तिचा अर्थ लावण्याचे उत्तरदायित्व, आम्हांस वाटते, वैद्याचेच आहे. त्याने वृद्धेचे माप शक्य तेथे तिच्याच जुन्या प्रतिमेशी ताडावे. मूर्तीला जो न्याय, तो माणसाला का नसावा?