तहानेचा हिशेब

पाणीपुरवठ्याच्या समितीपुढे प्रश्न नेहमी आकड्यांच्या रूपाने येतो. अमुक साली शहराची लोकसंख्या किती होईल, माणशी किती लिटर पाणी लागेल आणि ते कोठून आणावे? मुंबईसाठी राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढेही तो असाच होता. तिच्या १९९४ च्या अहवालाने २०२१ पर्यंतची गरज नजरेसमोर ठेवून मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही धरणे सुचविली. त्यांपैकी मध्य वैतरणा २०१४ साली पूर्ण झाले.

दूरदृष्टीला नावे ठेवणे सोपे असते. १८६० साली विहार तलावाचे पाणी आले नसते, तर विहिरी-तळ्यांवर तग धरणाऱ्या त्या शहराचे काय झाले असते! अद्याप न जन्मलेल्यांच्या तहानेची चिंता आज वाहणे हे सत्कर्मच होय. घरचा कर्ता माणूस दुसरे काय करतो?

परंतु येथेच मन अडखळते. न जन्मलेल्या मुंबईकराला अशा समितीच्या हिशेबात जागा मिळते, लोकसंख्येच्या अंदाजातून का होईना. शहापूर तालुक्यातील हयात माउलीला ती कोणत्या रकान्यात मिळते? मुंबईला पाणी पुरविणारे तानसा आणि भातसा हे जलाशय तिच्याच तालुक्यातले. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. गारगाई धरण झाले, तर वाडा तालुक्यातील ओगदा व आसपासच्या आदिवासी गावांना उठावे लागेल. भरपाई मिळते, पुनर्वसन होते, असे आपण म्हणतो. पण भरपाई ही निर्णय झाल्यानंतरची गोष्ट आहे. न्यायाचा प्रश्न त्याआधीचा आहे.

‘गरज’ हा शब्द मुळात हिशेबाचा नव्हेच. माणशी सरासरी काढली, की घशाखाली जाणारे पाणी आणि मोटार धुण्याचे पाणी एकाच आकड्यात विरघळून जाते. शहरातील गरीबही त्यात हरवतो. अनधिकृत वस्तीत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१४ साली सांगावे लागले. म्हणजे शहराच्या नावाने आणलेले पाणी शहरातील सर्वांचे नव्हते. गळती आणि चोरी यांत जाते ते निराळेच.

वसईच्या वाचकांना हे परके वाटू नये. आपल्याकडे बावखले बुजली, इमारती उठल्या आणि सूर्या प्रकल्पाचे पाणी नळाला आले. तेही आदिवासी मुलखातूनच येते. तेव्हा आपणही नळाच्या याच टोकाला उभे आहोत. पुढची समिती नेमली जाईल, तेव्हा तिच्या बैठका शहापूर-वाड्यातही व्हाव्यात आणि जलवाहिनीचे पहिले नळ वाटेवरच्या पाड्यांत उघडावेत, अशी मागणी तेथील लोक करीत असतील वा नसतील, आपण तरी अवश्य करावी.