पाहणाऱ्याचे कर्तव्य

गर्भातील बाळाचा मज्जारज्जू कसा घडतो, हे पूर्वी आईच्या उदरातच झाकलेले असे. १९५८ साली ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी टिपलेली गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. आज सोनोग्राफी व एमआरआय यांमुळे कण्यातील फटही दिसते. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती न मिटल्यास ही फट राहते. तोवर पुष्कळ मातांना दिवस गेल्याची चाहूलही लागलेली नसते.

दिसले, पण पुढे काय? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, जन्मापूर्वी शस्त्रक्रिया झालेली अधिक मुले आधाराविना चालू लागली. मातांचा धोका मात्र वाढला. म्हणजे चित्र उपाय दाखवते, तसेच ओझेही देते.

चित्रात कण्याचे व्यंग दिसते, त्या जिवाचे मोल दिसत नाही. चित्रावरूनच मोल ठरवू लागलो, तर डोळाच न्यायाधीश होऊन बसेल. आम्हांस वाटते, ज्याने पाहिले त्याने प्रथम सोबत करावी. कठीण निर्णयापुढे उभ्या असलेल्या आईबापांना बोल लावू नये. बाळ चालो वा न चालो, त्याला आपले म्हणणारी मंडळी आहे, हे त्यांना आधी कळू द्यावे.