नाव राहू द्यावे

अँड्र्यू टॅनेनबॉम हे ॲमस्टरडॅममधल्या एका विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी चालते हे विद्यार्थ्यांना दाखवता यावे म्हणून त्यांनी १९८७ मध्ये मिनिक्स नावाची छोटी प्रणाली लिहिली. पुढे ती बीएसडी परवान्याखाली खुली केली. हा परवाना फार उदार आहे. कोड घ्या, बदला, विका. लेखकाच्या हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत राहू द्या. काही वर्षांनी इंटेलचे अभियंते त्यांना तांत्रिक प्रश्न विचारू लागले, काही बदल करून मागू लागले. मग पत्रव्यवहार थांबला. इंटेलच्या चिपसंचात मुख्य प्रणालीच्याही खाली जी व्यवस्थापन यंत्रणा चालते तिच्यात मिनिक्स आहे, हे टॅनेनबॉम यांना २०१७ मध्ये बातम्यांतून समजले. त्यांनी कंपनीच्या प्रमुखांना खुले पत्र लिहिले. त्यात पैशांची मागणी नव्हती, कायदा मोडल्याची तक्रारही नव्हती. कळवण्याचे बंधन तुमच्यावर नव्हते, पण कळवले असते तर बरे वाटले असते, एवढाच त्यांचा सूर होता.

परवान्याने ज्या जागेला हात लावलेला नाही, नेमके त्याच जागेवर हे पत्र बोट ठेवते, म्हणून मला ते मोलाचे वाटते.

परवाने दोन स्वभावांचे असतात. लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याखाली आहे: बदललेली प्रणाली दुसऱ्याला दिलीत, तर तिचा कोडही द्यावा लागतो. अँड्रॉइड फोन विकणाऱ्या कंपन्यांना लिनक्स गाभ्यातले आपले बदल म्हणूनच खुले करावे लागतात. बीएसडी अशी अट घालत नाही. ॲपलच्या मॅक प्रणालीच्या पायात बीएसडी परवान्याखालचा कोड आहे, सोनीच्या प्लेस्टेशन ४ मध्येही आहे. यात बेकायदा काहीच नाही. देणाऱ्याने आणखी काही मागितले नाही म्हणून घेणाऱ्याचे देणे संपले, असे मात्र मी मानत नाही. अट घालून दिलेल्या वस्तूची परतफेड वसूल तरी करता येते. विनाअट दिलेल्याची परतफेड सर्वस्वी घेणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर असते, म्हणून त्याची जबाबदारी उलट वाढते.

न मागितलेले देणे असे मानण्याची रीत हिंगोली जिल्ह्याला नवी नाही. औंढा नागनाथाच्या देवळात नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, असे परंपरा सांगते. त्या नामदेवांची ६१ पदे शीख परंपरेने गुरू ग्रंथसाहिबात घेतली. भाषा वेगळी, प्रदेश वेगळा, तरी पदांवर नामदेवांचे नाव तसेच ठेवले. आणि पदे घेऊन संबंध तोडला नाही. याच जिल्ह्यातल्या, नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसीला शीख भाविक आजही येतात. कुठल्या करारात हे लिहिलेले नव्हते.

याच औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगोच्या शास्त्रज्ञांनी विश्लेषणासाठी लिहिलेला बराचसा कोड जीपीएलखाली खुला आहे, निरीक्षणांची माहितीही ठरावीक काळानंतर सर्वांना मिळते. म्हणजे हिंगोलीतला एखादा विद्यार्थी थेट टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा, १४ सप्टेंबर २०१५ चा संकेत आपल्या संगणकावर स्वतः तपासू शकतो. मला याचा मनापासून आनंद वाटतो.

खुल्या मिळालेल्या कोडचे नाव मात्र सहसा समोर येत नाही. अँड्रॉइड फोनवर तुम्ही मराठी वाचता, तेव्हा ‘क्ष’ आणि ‘र्‍य’ योग्य जुळवून दाखवण्याचे काम हार्फबझ नावाची खुली प्रणाली करते. फोनच्या जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो. सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी परवान्यांची लांबलचक यादी असते, तिथे तो सापडतो. कायद्यापुरते तेवढे पुरते.

कायद्यापुरतेच पाहिले की काय होते, हे एप्रिल २०१४ मध्ये दिसले. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची गुपिते सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या कोडमध्ये हार्टब्लीड नावाची गंभीर त्रुटी सापडली. त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या तो कोड वापरत होत्या आणि सांभाळत होती मोजकी माणसे. बड्या कंपन्यांनी मिळून निधी उभा केला, तो त्रुटी उघडी पडल्यावर.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प दरवर्षी सादर होतात. त्यांतले बरेचसे दुसऱ्याच्या खुल्या कोडवर उभे असतात, आणि तसे असण्यात गैर काही नाही. शिक्षकांनी पहिल्या पानावर एक रकाना ठेवावा: कोणाचा कोड घेतला, कोणत्या परवान्याखाली, आणि वापरताना सापडलेली एखादी चूक मूळ लेखकाला कळवली का. या शेवटच्या प्रश्नालाही गुण द्यावेत.